सेंटिमीटर खेळाडूचे, मग प्रशिक्षकाचं काय? टॉम टेलेझ यांच्या कारकिर्दीवरून एक धडा

संशोधनाचा विषय निवडताना आपल्यापैकी बरेच जण एखादी व्यक्ती निवडतात. समाजसुधारक, संपादक, गायक, शिक्षक. मग गाइड पहिलाच प्रश्न विचारतात, "या माणसाने नेमकं काय केलं, आणि ते त्यानेच केलं हे तू कशावरून म्हणतोस?" इथे भल्याभल्यांची गाडी अडते. ज्याचं काम दुसऱ्याच्या हातून दिसतं अशी व्यक्ती असेल तर जास्तच.

खेळाच्या इतिहासात अशी व्यक्ती म्हणजे प्रशिक्षक. लांब उडी मारणाऱ्या खेळाडूच्या नावापुढे मीटर आणि सेंटिमीटर कायमचे लिहिले जातात. त्याला उडी शिकवणाऱ्याच्या नावापुढे काहीच आकडा नसतो. मग त्याचा इतिहास लिहायचा कसा? आज आपण अमेरिकेतल्या एका कॉलेज प्रशिक्षकाचं उदाहरण घेऊन हे पाहू. नाव टॉम टेलेझ. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी कार्ल लुइस.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत अॅथलेटिक्सची खरी शाळा म्हणजे विद्यापीठं. प्रशिक्षक हा तिथला पगारी नोकर असतो. त्याचं काम फक्त मैदानावरचं नसतं. देशभरातल्या हायस्कूलमधून चांगली मुलं हेरायची, त्यांना शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे आणायची, आणि एनसीएएच्या स्पर्धांत विद्यापीठासाठी गुण मिळवायचे. चार वर्षांनी मूल निघून जातं आणि पुढचं येतं.

टेलेझ या शिडीवर एकेक पायरी चढत गेले. कॅलिफोर्नियातलं फुलर्टन कॉलेज, मग लॉस एंजलिसच्या यूसीएलएमध्ये मुख्य प्रशिक्षक जिम बुश यांचे सहायक. तिथे उड्यांचे प्रकार त्यांच्याकडे होते. यूसीएलएने १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षं एनसीएएचं मैदानी विजेतेपद मिळवलं. १९७६ मध्ये टेलेझ टेक्सासमधल्या ह्यूस्टन विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९९८ पर्यंत तिथेच राहिले. २०२४ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी ते गेले.

इथवरची माहिती म्हणजे नोकरीचा तपशील. इतिहास अजून सुरू झालेला नाही. "त्यांनी नेमकं काय केलं" हे कळण्यासाठी चार कसोट्या लावून पाहू. प्रत्येक कसोटीत काय मिळतं आणि ती कुठे कमी पडते, दोन्ही बघायचं.

पहिली कसोटी : आधी आणि नंतर

लुइस १९७९ मध्ये ह्यूस्टनला आला तेव्हा १८ वर्षांचा होता आणि त्याच वर्षी त्याने ८.१३ मीटर उडी मारली होती. १९८१ मध्ये त्याची उडी ८.६२ मीटर झाली. दोन वर्षांत ४९ सेंटिमीटर! झालं, प्रशिक्षकाचं श्रेय सिद्ध झालं, असं वाटतं ना? पण थांबा. १८ ते २० या वयात शरीर तसंही भरतं, ताकद वाढते. शिवाय ८.१३ ही उडी टेलेझ भेटण्याआधीची आहे. लुइसचे आईवडील दोघेही अॅथलेटिक्सचे प्रशिक्षक होते आणि न्यू जर्सीतल्या विलिंगबरो इथे क्लब चालवत होते. म्हणजे कच्चा माल "कच्चा" नव्हताच. नुसत्या आकड्यावरून वाढ दिसते, वाढीचं कारण दिसत नाही.

म्हणून आकडा सोडून तंत्राकडे पाहायचं. हायस्कूलमध्ये लुइस हवेत शरीर ताणून लटकल्यासारखा राहायचा. या पद्धतीला हँग म्हणतात. ह्यूस्टनमध्ये तो हिच किक शिकला, म्हणजे हवेत धावल्यासारखी पावलं टाकणं. अनेकांना वाटतं की हवेत पाय मारल्याने उडी लांबते. तसं नाही. पाय जमिनीवरून सुटला की शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरलेला असतो, हवेत तो बदलत नाही. पण उडी घेताना शरीर पुढे कलंडू लागतं. हिच किकमुळे ते कलंडणं आवरलं जातं आणि वाळूत पडताना पाय पुढे ठेवता येतात.

त्याहून महत्त्वाचा बदल फळीच्या अलीकडे होता. शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब टाकून कंबर खाली आणायची, शेवटचं पाऊल आखूड आणि पटकन टाकायचं, आणि वेग न मोडता वर उठायचं. लुइसच्या जुन्या पद्धतीत गुडघ्यावर फार ताण येत होता आणि गुडघा दुखतही होता. ती पद्धत मोडून नवी बसवणं हे टेलेझ यांचं सुरुवातीचं काम. हा बदल वयाबरोबर आपोआप येत नाही, तो कुणीतरी शिकवावा लागतो. प्रशिक्षकाचा हात दाखवणारा पुरावा इथे मिळतो.

दुसरी कसोटी : तोच प्रशिक्षक, दुसरे विद्यार्थी

एकाच खेळाडूवरून निष्कर्ष काढला तर कुणीही म्हणेल, "अहो, तो लुइस होता, कुणाच्याही हाताखाली जिंकला असता." मग इतरांकडे पाहू. लुइसची बहीण कॅरल ह्यूस्टनमध्येच शिकली आणि १९८३ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत लांब उडीत ब्राँझ मिळवून आली. जो डिलोच याने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत खुद्द लुइसला मागे टाकून १९.७५ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. लिरॉय बरेल लांब उडी मारायचा आणि धावायचाही. त्याने १०० मीटरचा जागतिक विक्रम दोनदा केला, १९९१ मध्ये ९.९० आणि १९९४ मध्ये ९.८५ सेकंद. ह्यूस्टनचाच फ्रँक रदरफर्ड याने १९९२ मध्ये तिहेरी उडीत ब्राँझ मिळवलं आणि बहामासला अॅथलेटिक्समधलं पहिलं ऑलिंपिक पदक दिलं.

यादी भारी आहे. पण संशोधकाने इथेही एक खोच काढायला हवी. लुइस गाजल्यावर देशातली चांगली मुलं आपणहून ह्यूस्टनकडे वळणार. हुशार विद्यार्थीच एखाद्या कॉलेजात प्रवेश घेत असतील तर निकाल चांगला लागला म्हणून शिकवणं चांगलं असं सिद्ध होत नाही. संशोधनपद्धतीच्या पेपरात आपण "निवडीचा पूर्वग्रह" म्हणून जे पाठ करतो, ते हेच.

तिसरी कसोटी : प्रसिद्ध विद्यार्थी येण्याआधीचं काम

म्हणून घड्याळ मागे फिरवायचं. लुइस येण्याआधी टेलेझ कोण होते? उड्यांचं यंत्रशास्त्र समजणारा माणूस म्हणून त्यांचं नाव यूसीएलएच्या दिवसांतच झालं होतं. लुइसने ह्यूस्टन निवडलं ते मुख्यतः टेलेझ तिथे होते म्हणून. म्हणजे कारणाची दिशा उलटी झाली. लुइसमुळे टेलेझ मोठे झाले एवढंच म्हणून भागत नाही; टेलेझ यांचं नाव होतं म्हणून लुइस तिथे आला. चरित्रात्मक संशोधनात हा क्रम लावणं फार मोलाचं असतं. प्रसिद्धीच्या उजेडात मागची सगळी वर्षं "पूर्वतयारी" वाटू लागतात, तेव्हा आधीचं काम वेगळं काढून त्याच्या काळात ठेवून वाचायचं.

चौथी कसोटी : हरलेला दिवस

३० ऑगस्ट १९९१, टोकियो, जागतिक स्पर्धा. दहा वर्षांत सलग ६५ स्पर्धा जिंकलेला लुइस त्या दिवशी हरला. माइक पॉवेलने ८.९५ मीटर उडी मारून बॉब बीमनचा १९६८ पासूनचा ८.९० चा विक्रम मोडला. विजेत्यांच्या यादीत या दिवशी टेलेझ यांच्या वाट्याला पराभव येतो.

आता लुइसच्या सहा उड्या बघा : ८.६८, फाउल, ८.८३, ८.९१, ८.८७, ८.८४. यातल्या ८.८३ आणि ८.९१ ला वाऱ्याची मदत नियमापेक्षा जास्त होती. तरीही एकाच दिवशी चार उड्या ८.८० च्या पुढे, आणि ८.८७ ही त्याच्या आयुष्यातली नियमात बसणारी सर्वोत्तम उडी. वय ३०. जपानी शास्त्रज्ञांनी त्या स्पर्धेचं चित्रीकरण करून मोजमाप केलं. पॉवेल फळीवरून सुमारे २३ अंशांच्या कोनात उठला होता, लुइस सुमारे १८ अंशांच्या. दोघांचा धावण्याचा वेग जवळजवळ सारखा. पॉवेलने उंची जास्त घेतली, लुइसने वेग जपला. लुइसची ती उडी म्हणजे ह्यूस्टनची शिकवणच : वेग मोडू नका. निकाल प्रशिक्षकाच्या विरुद्ध गेला, पण त्याची पद्धत सर्वांत स्वच्छ दिसली ती त्याच दिवशी.

आणि पुढे? १९८४, १९८८, १९९२ आणि १९९६ अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये लुइसने लांब उडीचं सुवर्ण जिंकलं. शेवटचं ३५ व्या वर्षी, ८.५० मीटरने. एका मोठ्या उडीमागे गुणवत्ता, वारा, नशीब काहीही असू शकतं. पण आधी दुखणारा गुडघा पुढे सतरा वर्षं टिकतो, तेव्हा त्यामागे पद्धत असते. माझ्या मते टेलेझ यांच्या कारकिर्दीचा सर्वांत भक्कम पुरावा ८.८७ हा आकडा नाही, ही सतरा वर्षं आहेत.

साधनांमधली एक फसवी जागा

जुने निकाल चाळताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अभ्यासातल्या अटी पूर्ण न झाल्याने लुइसची विद्यापीठ संघातून खेळण्याची पात्रता लवकरच गेली. त्यानंतर तो कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका ट्रॅक क्लबकडून खेळला. निकालपत्रात नावापुढे "सांता मोनिका" दिसतं, आणि त्या क्लबचे प्रमुख जो डग्लस होते. फक्त निकालपत्रं वाचणारा संशोधक सहज लिहील की लुइस कॅलिफोर्नियात घडला. प्रत्यक्षात सराव ह्यूस्टनमध्ये, टेलेझ यांच्याच नजरेखाली चालू होता. कागदावरची संस्था आणि कामाची जागा एकच असते असं गृहीत धरू नका. आपल्याकडच्या तालमी, संगीत विद्यालयं, नाट्यसंस्था यांच्या नोंदींतही हे तपासून बघा.

आता तुमची पाळी

सरावासाठी एक घरचा प्रश्न देतो. अंजू बॉबी जॉर्जने २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत ६.७० मीटर उडी मारून ब्राँझ जिंकलं. तिचे प्रशिक्षक होते पती रॉबर्ट बॉबी जॉर्ज, आणि त्या वर्षी ती अमेरिकेत जाऊन माइक पॉवेलकडेही सराव करून आली होती. या पदकाचं श्रेय तुम्ही कसं वाटाल? वरच्या चार कसोट्या लावा. कुठली लागते, कुठली लागत नाही, हे एका पानात लिहून काढा. उत्तरापेक्षा ते पान तुमच्या प्रस्तावाला जास्त उपयोगी पडेल.

ह्यूस्टन विद्यापीठाच्या मैदानी संकुलाला कार्ल लुइस यांचं नाव आहे, आणि त्या संकुलातल्या धावपट्टीला टॉम टेलेझ यांचं. विद्यापीठाने आपल्या पद्धतीने श्रेयाची वाटणी केली आहे. आपल्याला ती पुराव्याने करायची असते, आणि प्रत्येक वाक्यापुढे "कशावरून?" हा प्रश्न आपणच आधी लिहायचा असतो.