दुय्यम तावदान

दुय्यम तावदान : घराची मूळ खिडकी जागच्या जागी ठेवून तिच्या आतील किंवा बाहेरील बाजूस स्वतंत्र चौकटीत बसविलेले काचेचे दुसरे आवरण. थंडी, फटींतून येणारा वारा आणि बाहेरील गोंगाट यांपासून खोलीचे रक्षण करणे हा त्याचा मुख्य हेतू होय. दोन काचा कडेने हवाबंद करून एकाच चौकटीत बसविलेल्या दुहेरी काचेहून ते वेगळे असते. दुहेरी काच बसविताना बहुधा जुनी खिडकी, निदान तिची झडप, काढून टाकावी लागते. दुय्यम तावदानात मात्र जुनी खिडकी कायम राहते व नवे आवरण पुढे केव्हाही काढून घेता येते. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. तथापि ह्या साधनाचा थंड देशांतील प्रसार, मधल्या काळातील त्याची पीछेहाट आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यास पुन्हा आलेले महत्त्व यांचे कारण मुख्यतः त्यातच सापडते.

कार्यतत्त्व : खिडकीची काच पातळ असल्यामुळे तिच्यातून उष्णता सहज बाहेर जाते. एकेरी काचेच्या प्रत्येक चौ. मी. क्षेत्रातून, आतील व बाहेरील तापमानांत १° से. चा फरक असताना, सु. ५·६ वॉट इतकी उष्णता निघून जाते. दुसरी काच बसविली असता हे प्रमाण साधारणपणे निम्म्यावर येते. हा लाभ काचेच्या वाढलेल्या जाडीमुळे नसून दोन काचांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे होतो. लोकर, पिसे व केसाळ कातडी यांची ऊब त्यांच्या तंतूंत अडकून राहिलेल्या हवेमुळे असते, हे बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) यांनी १७९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून दाखविले होते. खिडकीच्या बाबतीतही तेच तत्त्व लागू पडते. दोन काचांमधील अंतर सु. २० मिमी. पर्यंत वाढविल्यास उष्णतेचा अपव्यय कमी होत जातो. त्यापुढे हवा त्या पोकळीतच वरखाली फिरू लागत असल्यामुळे अधिक लाभ होत नाही, पण झालेला लाभही फारसा कमी होत नाही. त्यामुळे १० ते २० सेंमी. अंतर असलेल्या जुन्या पद्धतीच्या दुहेरी खिडक्याही उबेच्या दृष्टीने उपयुक्त ठरल्या. याखेरीज जुन्या लाकडी चौकटींच्या फटींतून आत येणारा वारा दुसऱ्या आवरणामुळे अडतो आणि अनेक घरांत हा लाभही मोठा असतो.

ध्वनीच्या बाबतीत अंतराचा नियम वेगळा आहे. गोंगाट अडविण्यासाठी दोन काचांमध्ये किमान १० सेंमी. व शक्य तर २० सेंमी. पर्यंत अंतर असावे लागते. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या असल्यास त्या एकाच वारंवारतेला कंप पावत नाहीत. पोकळीच्या कडांना ध्वनिशोषक अस्तर लावल्यास परिणाम आणखी वाढतो. उबेसाठी पुरेशी असलेली अरुंद पोकळीची हवाबंद दुहेरी काच रहदारीच्या खर्जातील आवाजापुढे म्हणूनच बरीचशी दुबळी ठरते.

यूरोपातील उगम व प्रसार : खिडकीला काच लावण्याची प्रथा रोमन लोकांत इसवी सनाच्या पहिल्या शतकात होती, पाँपेई येथील अवशेषांत तशा काचा सापडल्या आहेत. तथापि सामान्य घरांच्या दृष्टीने काच दीर्घकाळ महागच राहिली. ती पुरेशी स्वस्त झाल्यावर मध्य व उत्तर यूरोपातील कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत दुसऱ्या तावदानाची प्रथा हळूहळू रुजली. आरंभी हे तावदान हंगामी असे. शरद ऋतूत ते माळ्यावरून खाली आणून खिडकीच्या खाचेत बसवीत आणि वसंतात पुन्हा काढून ठेवीत. स्वीडनमध्ये असे तावदान आतील बाजूस बसवून दोहोंमधील तळाशी कापूस किंवा शेवाळ पसरीत व त्यावर वाळलेली फुले मांडीत. ही मांडणी केवळ शोभेसाठी नसे. पोकळीतील दमटपणा शेवाळात व कापसात शोषला जाई. रशियात आतील चौकटीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवीत व आर्द्रता शोषून घेण्यासाठी पोकळीत मीठ अथवा सल्फ्यूरिक अम्ल भरलेले पेले ठेवीत. संपूर्ण खिडकी महिनोन्‌महिने बंद राहत असल्याने हवा खेळविण्यासाठी तिच्या वरच्या भागात एक लहान उघडझाप करणारी झडप ठेवलेली असे. काच वाढविली की बाष्प व शिळी हवा हे दोन प्रश्न उद्‌भवतात, ह्याची जाणीव त्या काळच्या गृहिणींनाही होती, हे ह्या उपायांवरून दिसून येते.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना, बर्लिन इ. शहरांत भाडेकरूंसाठी बहुमजली इमारती मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. त्यांच्यात हंगामी तावदानाऐवजी दोन स्वतंत्र झडपांच्या जोड्या लाकडी पेटीसारख्या एकाच खोल चौकटीत कायम बसविण्यात आल्या. ह्या ‘पेटी-खिडक्यां’च्या पोकळीत वारा अडविण्यासाठी उशी ठेवण्याची व हिवाळ्यात दूधलोणी गार ठेवण्याची प्रथा होती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बाहेरून लावण्याच्या ‘वादळी तावदानां’चा प्रसार झाला. हिवाळ्यात काचेची चौकट आणि उन्हाळ्यात त्याच जागी डासांसाठी जाळीची चौकट, असा तेथे क्रम असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या एकाच चौकटीत काच व जाळी दोन्ही सरकविता येतील अशी रचना रूढ झाली. दोन काचा कडेने बंद करून एकसंध फलक बनविण्याचे एकस्व न्यूयॉर्क येथील टॉमस स्टेट्‌सन यांनी १८६५ मध्ये घेतले होते. परंतु कडांचा टिकाऊ बंध साधण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

ब्रिटनमधील विलंब : ब्रिटनमध्ये काचनिर्मितीचा उद्योग प्रगत असूनही दुहेरी खिडकी फार उशिरा आली. त्याचे एक कारण करांमध्ये होते. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांच्या संख्येवर कर होता आणि १७४६ पासून १८४५ पर्यंत काचेवर वजनानुसार उत्पादनशुल्क होते. त्यामुळे काच महाग पडे व पातळ काच वापरण्याकडे कल राही. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण घर उबविण्याच्या पद्धतीत होते. ब्रिटिश घरांत प्रत्येक खोलीत कोळशाची उघडी शेगडी असे. तिच्या धुराड्यातून खोलीतील हवा सतत वर ओढली जाई व तिची जागा खिडक्यादारांच्या फटींतून येणारी हवा घेई. अशा खोलीच्या फटी पूर्णपणे बुजविल्यास विस्तव धुमसून धूर खोलीत परतण्याचा धोका असे. मुबलक कोळसा, तुलनेने सौम्य हिवाळा व मोकळ्या हवेचे आरोग्यशास्त्रीय महत्त्व यांमुळेही दुसरी काच अनावश्यक मानली गेली.

ही परिस्थिती पालटण्यास लंडनमधील डिसेंबर १९५२ चे विषारी धुके कारणीभूत ठरले. हजारो लोकांचा बळी घेणाऱ्या ह्या दुर्घटनेनंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवा अधिनियम संमत झाला आणि शहरांतील घरगुती कोळशाच्या धुरावर निर्बंध आले. उघड्या शेगड्यांची जागा वायू व वीज यांवर चालणाऱ्या उपकरणांनी आणि पुढे मध्यवर्ती तापन व्यवस्थेने घेतली. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायूचा शोध लागल्यानंतर ह्या बदलाला वेग आला. धुराडी बंद झाल्यामुळे फटींतून येणाऱ्या वाऱ्याची गरज उरली नाही. उलट, पैसे मोजून तापविलेली हवा त्याच फटींतून बाहेर जाऊ लागली. याच सुमारास, १९५९ मध्ये, पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट तक्ते तयार करण्याची पद्धत जाहीर केली. तिच्यामुळे घासून चकचकीत करण्याचा खर्च टळून निर्दोष काच स्वस्त झाली.

गोंगाटनिवारण : ब्रिटनमध्ये दुय्यम तावदानास शासकीय मान्यता मिळाली ती उबेपेक्षा आवाजाच्या प्रश्नातून. जेट विमानांच्या वाढत्या वाहतुकीमुळे विमानतळांलगतच्या वस्त्यांत झोप व संभाषण अशक्य होऊ लागले. गोंगाटाच्या प्रश्नावर नेमलेल्या विल्सन समितीचा अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६५ च्या विमानतळ प्राधिकरण अधिनियमात घरांच्या ध्वनिनिरोधनासाठी अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली व हीथ्रो विमानतळाच्या परिसरात तशी योजना सुरू झाली. रस्त्यांच्या बाबतीत १९७३ च्या भूमि-नुकसानभरपाई अधिनियमाने हेच तत्त्व स्वीकारले. त्याखालील १९७५ च्या नियमांनुसार नव्या अथवा रुंद केलेल्या रस्त्यावरील रहदारीचा गोंगाट ६८ डेसिबल ह्या मर्यादेस पोहोचला व इतर अटी पूर्ण झाल्या, तर बाधित घरास दुय्यम तावदान बसवून मिळू लागले. त्याबरोबर आवाज रोखणारे वायुवीजक व उन्हासाठी पट्ट्यांचे पडदे देण्याचीही तरतूद होती. कारण आवाज टाळावयाचा तर खिडकी उन्हाळ्यातही बंद ठेवावी लागणार, हे गृहीत धरलेले होते. सार्वजनिक सोयीसाठी उत्पन्न झालेल्या उपद्रवाची भरपाई पैशाऐवजी खिडकीच्या रूपाने देण्याचे हे एक लक्षणीय उदाहरण आहे. ह्या भरपाईमुळे घरातील शांतता परत मिळाली, तरी अंगण आणि उघडी खिडकी यांचे सुख मात्र परत मिळाले नाही.

इंधनटंचाई व जुन्या खिडक्यांचा ऱ्हास : १९७३–७४ मध्ये खनिज तेलाचे भाव सु. चौपट झाले. त्यामुळे घरातील उष्णतेची बचत हा राष्ट्रीय धोरणाचा विषय बनला. अमेरिकेत १९७८ च्या ऊर्जा-कर अधिनियमाने वादळी तावदानांच्या खर्चावर प्राप्तिकरात सवलत दिली. ब्रिटनमध्ये घरमालकाला स्वतः बसविता येतील अशा प्लॅस्टिकच्या खाचपट्ट्या, सरकती ॲल्युमिनियमची तावदाने आणि चुंबकीय पट्टीने चिकटणारे ॲक्रिलिकचे पारदर्शक तक्ते बाजारात आले. परंतु त्याच सुमारास पीव्हीसी प्लॅस्टिकच्या चौकटीत बसविलेल्या हवाबंद दुहेरी काचेचा व्यापारही जोमाने वाढला आणि १९८० नंतरच्या काळात तिने दुय्यम तावदानास बऱ्याच अंशी मागे टाकले. ह्या लाटेत अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या मोठ्या संख्येने काढून टाकण्यात आल्या. त्यांचे सावकाश वाढलेल्या झाडांचे घट्ट लाकूड, अरुंद पट्ट्यांची सुबक विभागणी व हाती बनविलेल्या काचेची किंचित लहरदार झळाळी यांस नव्या खिडक्यांत पर्याय नव्हता. शिवाय लाकडी खिडकीचा कुजलेला तुकडा सुतार बदलू शकतो. हवाबंद काचेचा बंध निकामी होऊन आत धुरकटपणा आल्यास मात्र संपूर्ण फलकच बदलावा लागतो.

जतनकार्यातील स्थान : ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षणाचे कायदे दृढ झाल्यावर दुय्यम तावदानाकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगररचना अधिनियमाने वास्तूंच्या सूची करण्याच्या पद्धतीचा पाया घातला व १९९० च्या स्वतंत्र अधिनियमाने सूचित वास्तूंसंबंधीचे नियम एकत्र केले. अशा वास्तूंतील मूळ खिडक्या बदलण्यास सहसा परवानगी मिळत नाही; परंतु आतून बसविलेले तावदान मूळ वस्तूला फारशी इजा न करता काढून घेता येत असल्याने ते बहुधा ग्राह्य मानले जाते. त्याच्या परिणामकारकतेविषयी असलेली शंका प्रत्यक्ष मोजमापांनी दूर झाली. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड ह्या संस्थेसाठी केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत जुन्या सरकत्या खिडकीच्या काचेतून होणारा उष्णतेचा अपव्यय जाड पडद्यांमुळे १४ टक्के, आतील लाकडी दारांमुळे ५१ टक्के, तर दुय्यम तावदानामुळे ६३ टक्के कमी झाल्याचे आढळले. उष्णतेचे प्रारण अडविणारा अतिसूक्ष्म धातुलेप दिलेली काच वापरल्यास लाभ आणखी वाढतो. जुने दिसणे टिकवावयाचे तर थंडी सोसली पाहिजे, हा समज त्यामुळे निराधार ठरला.

मर्यादा व दक्षता : दुय्यम तावदान बसविण्यापूर्वी मूळ खिडकीची दुरुस्ती करणे आवश्यक असते. आतील आवरण शक्य तितके घट्ट व बाहेरील खिडकी किंचित हवेशीर ठेवावी, असा सर्वसाधारण नियम आहे. तसे न केल्यास खोलीतील दमट हवा पोकळीत शिरून बाहेरील थंड काचेवर पाणी साचते व चौकट कुजते. पुसण्यासाठी व आगीच्या प्रसंगी बाहेर पडण्यासाठी तावदान सहज उघडता आले पाहिजे. इंधन जाळणारे उपकरण असलेल्या खोलीत हवा येण्याचा मार्ग राखणे अत्यावश्यक असते. तो बंद झाल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साचून जीवितास धोका संभवतो.

भारतातील बहुतेक प्रदेशांत थंडीपासून संरक्षणाचा प्रश्न गौण आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत दुसऱ्या तावदानाचा विचार प्रामुख्याने रहदारीच्या गोंगाटामुळे व वातानुकूलनामुळे केला जातो. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली आहे. उष्ण व दमट हवेत खिडकी बंद ठेवणे म्हणजे नैसर्गिक वायुवीजन सोडून यंत्रावर अवलंबून राहणे होय. म्हणून येथे दुसऱ्या तावदानाचा लाभ ठरविताना अडविलेल्या आवाजाबरोबरच त्यापायी खर्च होणाऱ्या विजेचाही हिशेब करावा लागतो.