खो-खोचा इतिहास आणि एका कर्णधाराचे २०१६ साल

मराठीत खेळाविषयी जे थोडेफार गंभीर लेखन झाले आहे, त्याचा मोठा भाग क्रिकेटने व्यापलेला आहे. त्यामुळे खेळाडूच्या कारकिर्दीतील चढउतार म्हटले की बळी, सरासरी, संघातून वगळले जाणे आणि मग पुनरागमन, असा ठरावीक क्रम आपल्या मनात उभा राहतो. गोलंदाजाला तो लागू पडतो. धाराशिवच्या मैदानावर घडलेल्या सारिका काळे यांच्या कारकिर्दीला मात्र ही मोजपट्टी पुरत नाही. ती का पुरत नाही हे पाहताना खो-खोचा इतिहास आपण कसा लिहिला, हाही प्रश्न उपस्थित होतो.

हा लिखित इतिहास प्रामुख्याने नियमांचा आणि संस्थांचा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या खेळाला नियमांची चौकट दिली. १९३५ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने आट्यापाट्या आणि खो-खो यांचे नियम प्रसिद्ध केले. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पुढच्या वर्षी कोल्हापुरात महिलांची. मैदानाची लांबी-रुंदी, खांबांची उंची, डावाची मिनिटे, सारे काही या इतिहासात सापडते. खेळाडू येतात ते विजेत्यांच्या यादीपुरते. त्या यादीतली मुलगी मैदानावर येण्यापूर्वी काय खाऊन आली होती, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धतच नव्हती.

खेळाची रचना येथे थोडी आठवावी. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवर आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याला खांबापर्यंत गेल्याखेरीज दिशा बदलता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. बसलेल्याने मागून ‘खो’ मिळेपर्यंत उठायचे नाही. समोरून बचाव करणारे तिघा-तिघांच्या तुकडीने आत येतात. एक तुकडी बाद झाली की पुढची. किती वेळ टिकलो, हीच बचाव करणाऱ्याची कमाई. (गंमत अशी की, मैदानात ‘खो’ने खेळ पुढे जातो, आपल्या वाक्प्रचारात मात्र ‘खो घालणे’ म्हणजे चाललेले काम अडवणे. भाषेने हा अर्थ का उचलला, यावर एखाद्या विद्यार्थ्याने जरूर लिहावे.)

सारिका काळे तेराव्या वर्षाच्या सुमारास मैदानावर आल्या; मामांनी त्यांना तेथे नेले. वडिलांची मिळकत अपुरी, आई शिवणकाम करी, घर मुख्यत्वे आजी-आजोबांच्या उत्पन्नावर चाले. सुमारे दशकभर आपण बहुतेक दिवशी एकच वेळ जेवत होतो, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली त्या राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी व शिलाँग येथे बारावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाली. खो-खोचा या स्पर्धेत प्रथमच समावेश झाला होता, आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे होत्या. त्याच वर्षी इंदूरला झालेली आशियाई अजिंक्यपद स्पर्धाही भारतीय महिलांनी जिंकली.

आणि याच २०१६ साली त्यांनी खेळ सोडायचे ठरवले. कारण दुखापत नव्हते, खेळ घसरलेला नव्हता, निवड समितीनेही वगळले नव्हते. घरचा खर्च भागत नव्हता. त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले आहे, हे आजीने जाधव यांना कळवले. त्यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. कारकिर्दीच्या नेहमीच्या आलेखात हे साल सर्वोच्च बिंदू म्हणून नोंदवले जाईल. घरच्या हिशेबात तोच सर्वांत खोल तळ होता. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, पण क्रीडा-इतिहास म्हणून आपण पहिलीच जपून ठेवतो.

पुढे त्यांना क्रीडा अधिकाऱ्याची शासकीय नोकरी मिळाली, आणि २०२० मध्ये त्या तुळजापूरला कार्यरत असताना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोला हा पुरस्कार बावीस वर्षांनी मिळत होता. आधीचा १९९८ चा, शोभा नारायण यांचा. त्यानंतर खेळाचे चित्र झपाट्याने पालटले. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम पुण्यात झाला, पण त्यातले सारे संघ पुरुषांचे होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. ही पिढी दूरचित्रवाणीवर दिसली. सारिका काळे यांच्या पिढीला ते भाग्य फारसे लाभले नाही.

अर्जुन पुरस्काराच्या निमित्ताने बोलताना त्यांनी आहाराविषयी सांगितले होते. चांगले जेवण मिळे ते सराव शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर. शिबिर संपले की घरी पुन्हा एकाच वेळचे.