पांढरं दिसलं की मारलं

पंचवटीतल्या मार्केट यार्डावरून दिंडोरी रोडने पुढे गेलं की मामाची द्राक्षबाग लागते. चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिथल्या ओलांड्यांवर कापसासारखे पांढरे किडे दिसले. मिलीबग! मी फोनवर व्हिडिओ काढला, मग हौसेने स्वतःच पंप घेऊन औषध मारलं. दिवसभर कोडमधले बग शोधणाऱ्याला हा निदान डोळ्यांना दिसत तरी होता.

पुढे कधीतरी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यातले काही किडे आकाराने बरेच मोठे होते, अंगावर मेणाचे लांब झुपके होते आणि ते चांगलेच चपळ होते. मिलीबग असा पळत नाही. त्या क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. मिलीबगची शेकडो अंडी खाणाऱ्या, आणि दिसायला अगदी त्याच्यासारख्याच.

हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो १८९८ साली आणला, तोही दक्षिणेतल्या कॉफीवरच्या किडीसाठी. त्याआधी दहा वर्षं, १८८८ मध्ये, आल्बर्ट कोबेले याने ऑस्ट्रेलियातून व्हेडालिया हा दुसरा ढालकिडा कॅलिफोर्नियात पाठवला होता. तिथल्या संत्र्यांच्या बागा खवले किडीने संपत आल्या होत्या. वर्ष-दीड वर्षात त्या सावरल्या. पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच बागांत इतर किडींसाठी डीडीटी फवारलं गेलं. व्हेडालिया मेला आणि विसरलेली खवले कीड परत उसळली. फवारणी आवरून ढालकिडे पुन्हा आणून सोडावे लागले.

आमच्या बागेतही गणित तेच. मिलीबग सालीखाली दडलेला, अंगावर मेण. औषध त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही. ढालकिडा मात्र त्याला शोधत उघड्यावर फिरतो, म्हणून आधी तोच मरतो. त्यात मिलीबगच्या चिकट्यासाठी येणारे मुंगळे त्याची राखण करतात, शत्रूंना हुसकावतात. जानेवारीत मण्यात पाणी उतरलं की उरलेला मिलीबग घडात शिरतो. तेव्हा फवारावं तर निर्यातीच्या मालात औषधाचा अंश सापडायची भीती, न फवारावं तर काळी बुरशी. त्या वर्षी आमचा बराच माल लोकलला गेला.

आता मामा छाटणीनंतर सुटी साल काढतो, मुंगळ्यांसाठी खोडाला चिकट पट्टी लावतो आणि ढालकिडे विकत आणून सोडतो. प्रयोगशाळेत ते लाल भोपळ्यावर वाढवलेल्या मिलीबगवर पोसतात, हे ऐकून मामी बराच वेळ हसत होती.

तरीही फवारणीच्या आधी मामाचा फोटो येतोच, खाली एकच ओळ: "हे पांढरं पळतंय. ठेवू ना?"