पंच म्हणून केलेली सही

आमच्या भागातील पोलीस ठाण्याने नागरिकांसाठी चार शनिवारांचा एक वर्ग योजला होता. ठाण्याचा कारभार कसा चालतो हे सांगणारा. मी गेलो तो खरे तर भाषेच्या कुतूहलाने. 'सदर इसम', 'नमूद मजकूर', 'समक्ष विचारले वरून' ही फार्सी वळणाची मराठी आता ठाण्याबाहेर फारशी उरलेली नाही. असे वर्ग भरवण्याची प्रथा मात्र अलीकडची. १९७७ साली इंग्लंडमधील डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या पोलिसांनी नागरिकांसाठी रात्रशाळा चालवली आणि १९८५ साली अमेरिकेतील ऑरलँडो शहराने ती उचलली.

पहिला शनिवार हुद्दे आणि स्टेशन डायरी यांत गेला. दुसऱ्या शनिवारी पंचनामा निघाला आणि मी अस्वस्थ झालो. काही वर्षांपूर्वी शेजारी चोरी झाली तेव्हा मी पंच झालो होतो. तासाला पोचण्याची घाई होती. 'सर, इथे आणि इथे' एवढेच ऐकून सह्या केल्या. 'पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे' या ओळीखाली! विद्यार्थ्यांना संहिता काळजीपूर्वक वाचायला शिकवणाऱ्या माणसाची ही सही.

पंच लागतो कशाला, असे निरीक्षकांनी विचारले. 'साक्षीला,' असे कोणीतरी म्हणाले. उत्तर बरोबर असले तरी अपुरे होते.

मराठेशाहीत वतनाच्या तंट्याचा निवाडा झाला की महजर लिहिला जाई. राजवाड्यांनी छापलेली साधने चाळली तर अशा कागदांवर गावच्या गाव हजर दिसतो. पाटलाची निशाणी नांगर, बलुतेदारांची आपापली अवजारे. ज्याला अक्षर येत नव्हते त्यानेही चिन्ह काढून जबाबदारी पत्करलेली असे. (या गावात सगळ्यांना सारखे स्थान होते, असा याचा अर्थ नव्हे.) पण पुण्याच्या कोतवालीत काय चालते हे पाहायला असे कोणी नव्हते. १७९१ साली घाशीराम कोतवालाने कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि मानाजी फाकड्यांनी कोठडीचे कुलूप तोडले तेव्हा ते उघडकीस आले. तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकावर आपण इतके बोलतो, पण त्या कुलपाकडे आपले लक्ष जात नाही.

कंपनी सरकारलाही कुलपाआडचे प्रकार ठाऊक होते. मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ साली महसूल आणि पोलीस या दोन्ही खात्यांतील मारहाण नोंदवली. पुढे १८६१ साली पोलीस कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यातून वगळली. एका हाताने अधिकार दिला, दुसऱ्याने अविश्वास नोंदवला. हा अविश्वास १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ म्हणून टिकून आहे.

झडतीच्या वेळी त्याच परिसरातील किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, ही अट याच अविश्वासाच्या जातीची आहे. पंच म्हणजे खरे तर पाच. इथे दोघांवर भागते. आणि तेही मिळत नाहीत. वर्षांनंतर निघणाऱ्या कोर्टाच्या तारखा कोणाला हव्या असतात? मग ठरावीक माणसे पुनःपुन्हा पंच होतात, बचावाचा वकील नेमके तेच दाखवून देतो आणि खटला ढासळतो. दोष आपण पोलिसांना देतो. नव्या कायद्याने झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले असले तरी पंच आहेच. कॅमेऱ्याला उलटतपासणीत प्रश्न विचारता येत नाही.

शेवटच्या शनिवारी धीर करून निरीक्षकांना विचारले, मी सही केलेला तो पंचनामा आता वाचायला मिळेल का? त्यांनी गुन्हा रजिस्टर नंबर विचारला. तो मला ठाऊक नव्हता. साल आठवते का, म्हणाले. तेही नक्की सांगता आले नाही.