आजोबाच्या गळ्यातला पट्टा आणि आमच्या बातम्या

पुण्यात कुठेही बिबट्या दिसला की व्हॉट्सॲपवर एकच वाक्य फिरतं : पकडा आणि जंगलात सोडून द्या. २०१९ मध्ये मुंढव्याच्या केशवनगरात बिबट्या शिरला तेव्हा फिरलं, २०२५ मध्ये लोहगाव विमानतळाच्या आवारात दिसला तेव्हाही फिरलं. मंडळी, हा उपाय आपल्याच जिल्ह्यात करून झालेला आहे.

जुन्नर भागात धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला. उसात लपायला जागा आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला आणखी काय हवं? फेब्रुवारी २००१ पासून पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि दूर जंगलात सोडायचे, असं सुरू झालं. मी तेव्हा नुकताच पत्रकारितेचा डिप्लोमा करून बातम्या पाठवायला लागलो होतो. 'बिबट्या जेरबंद, ग्रामस्थांनी सोडला सुटकेचा निःश्वास' हा मथळा मी स्वतः किती वेळा दिला असेन, मोजलं नाही. तो पुढे कुठे नेला, हे मात्र एकदाही विचारलं नाही.

विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला लागल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते १७ वर गेले.

पण हलवलेला बिबट्या जातो कुठे? ते सांगायला जनावराच्या अंगावरच काहीतरी बांधावं लागतं. ही कल्पना जुनी आहे. १९०८ च्या सुमारास युलिउस नॉयब्रोनर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने कबुतराच्या छातीवर चिमुकला कॅमेरा बांधून वरून गावाचे फोटो काढले होते. पुढे अमेरिकेच्या ग्रेग मार्शलने समुद्री जीवांच्या पाठीवर कॅमेरे बसवले. आपल्याकडे बिबट्याच्या गळ्यात कॅमेरा नाही, जीपीएस पट्टा बांधला गेला. चित्र दिसत नाही, पण तो किती वाजता कुठे होता ते कळतं.

एप्रिल २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक मोठा नर विहिरीत पडला. वयस्कर आणि शांत, म्हणून अभ्यासकांनी नाव ठेवलं आजोबा. पट्टा बांधून त्याला ५२ किलोमीटरवर, माळशेज घाटाकडे सोडलं. आपल्या समजुतीप्रमाणे आता तो जंगलात सुखाने राहायला हवा होता. आजोबा चालायला लागला. कसाऱ्याकडचा रेल्वेमार्ग, मुंबई-आग्रा महामार्ग, शेवटी वसईची खाडी पोहून थेट बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सरळ रेषेत मोजलं तरी ८९ किलोमीटर, ३७ दिवसांत. वाटेत कुणावर हल्ला नाही. डिसेंबर २०११ मध्ये अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला, शरीरातल्या मायक्रोचिपवरून ओळख पटली. २०१४ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

त्याच वर्षी शोधनिबंधही आला, तो फारसा कुणी वाचला नाही. पट्टे बांधलेले एकूण पाच बिबटे, चार महाराष्ट्रातले, एक हिमाचलचा. ज्या तिघांना पकडलं तिथेच जवळ सोडलं, ते ८ ते १५ चौरस किलोमीटरमध्येच राहिले. दाट वस्तीच्या भागातल्या बिबट्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के नोंदी घरापासून २५ मीटरच्या आत! दिवसा एक टक्काही नाही. म्हणजे आपण आत टीव्ही बघत असताना तो गोठ्यामागून जाऊन आलेला असतो, आणि सकाळी आपल्याला पत्ता नसतो.

हे सगळं शिरूर-जुन्नरच्या वस्तीवर जाऊन सांगणं सोपं नाही. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं, त्यांच्यापुढे टक्केवारी बोलायची हिंमत माझ्यात नाही. पिंजरा मागणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही. हल्ला करणारा बिबट्या धरायलाच हवा. पण कुठे नुसता दिसला म्हणून उचलायचा आणि दुसऱ्याच्या शिवारात नेऊन सोडायचा, हे वेगळं. उचललेल्याची जागा रिकामी राहत नाही, आणि सोडलेला सोडल्या जागी थांबत नाही.

आता पिंजरा भरून गाडी हलली की मी फोन करून विचारतो, कुठे चाललीये. उत्तर मिळालं तर बातमीत छापतो, नाही मिळालं तर तेही छापतो.