एक चासी, तीन इंजिनं

आमच्या ओतूर-जुन्नर पट्ट्यात जुन्या गाडीचं वय कुणी कागदावरून काढत नसे. "हिच्यात इंजिन कुठलं?" हा पहिला प्रश्न. चासी एका जमान्याची, इंजिन दुसऱ्या, हौदा गावातल्या वेल्डिंगवाल्यानं बनवलेला, असा सगळा मामला. माल रात्री भरायचा, माळशेज उतरायचा आणि उजाडायच्या आत कल्याणच्या बाजारात लावायचा. उशीर झाला की भाव गेला. कोथिंबिरीचा तर पाचोळाच.

चुलत्यांची पिकअप जीपच्या घराण्यातली. १९४७ पासून महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि पुढं कितीतरी वर्षं ग्रामीण भागात 'गाडी' म्हणजे जीपच. तिचं हरिकेन पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिन गोड, पण पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. १९७३ साली अरबांनी तेल अडवलं, पेट्रोलचे दर चढले, तशी भाजीच्या धंद्यात ही गाडी परवडेना. नानांचं गणित साधं होतं: "कोबी विकून पेट्रोल भरायचं, तर कोबी लावायचाच कशाला?"

पुढं महिंद्रानं फ्रान्सच्या प्युजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन जीपमध्ये आणलं, आणि आमच्याकडं इंजिन-बदलीचा हंगामच सुरू झाला. आमच्या मिस्त्रींनी कुर्ल्याच्या भंगारबाजारातून तसलं एक उचलून आणलं. चेनपुलीला लटकलेलं ते धूड बघायला अर्धी आळी जमली होती. डिझेल इंजिन वजनाला जड, म्हणून पुढचे पाटे वाढवले. जुन्या गिअरबॉक्सला ते जुळेना, मग मध्ये जाड पत्र्याची प्लेट लेथवर कापून घेतली. तिची भोकं केसभर जरी सरकली तरी क्लच थरथरतो आणि बेअरिंग जातं. तिथंच मिस्त्रींची खरी परीक्षा. आकड्यात ताकद पहिल्यापेक्षा कमीच झाली, पण ओढ खालच्या फेऱ्यांतच मिळायची. ओझ्याच्या गाडीला तेच लागतं. आरसी बुकात पेट्रोलच्या जागी डिझेल लागलं, आणि ॲव्हरेज वाढल्यावर नानांनी पहिल्यांदा मिस्त्रींना फेटा बांधला.

तिसरं इंजिन टर्बोचं. स्कॉर्पिओ २००२ साली आली, रस्त्यावरच्या गाड्या पळायला लागल्या, आणि कल्याणहून सिमेंट-पाइप भरून घाट चढताना आमची पिकअप मागच्यांच्या शिव्या खाऊ लागली. चुलतभावानं अपघातात चेपलेल्या एका गाडीचं अडीच लिटरचं टर्बो डिझेल घेतलं. टर्बो ही काही नवलाईची चीज नव्हे. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरनं १९०५ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं. सायलेन्सरकडं वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं. दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. म्हणून मिस्त्रींचा दंडक होता: घाट चढून आलं की लगेच चावी फिरवायची नाही, दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं. नाहीतर तापलेल्या बेअरिंगात तेल करपतं.

भावानं पंप-नोझलचं जुन्या पद्धतीचं इंजिन घेतलं, हे शहाणपण. कॉमन रेलवालं स्वस्तात मिळत होतं. पण त्यात डिझेलचा दाब हजार बारच्या वर, सगळा कारभार कॉम्प्युटरकडं, आणि वायरिंगचं जाळं मूळ गाडीतून अख्खं सोडवून आणायचं. मिस्त्री पान्याचं टोक इंजिनाला लावून दुसरं कानाला धरायचे आणि कुठला नोझल ठोकतोय ते सांगायचे. त्या कानाला कॉम्प्युटरपुढं काही काम उरत नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

खरी अडचण मात्र इंजिनात नव्हती. भरलेली गाडी घाट उतरते. तिथं ताकद नाही, ब्रेक लागतो. चारही चाकांना जुनेच ड्रम ब्रेक, आणि वर सपाटीला आता वेग वाढलेला. सगळ्यांची जीभ ॲव्हरेज आणि पिकअप याच दोन शब्दांवर. मिस्त्री अडून बसले. पुढं डिस्क, ब्रेकला व्हॅक्यूमचा बूस्टर आणि नवं क्राऊन-पिनियन टाकल्याशिवाय त्यांनी गाडी बाहेर काढू दिली नाही. इंजिनाच्या निम्मा खर्च त्यातच गेला, भावानं आदळआपट केली. मला विचाराल तर त्या गाडीवर केलेला सगळ्यात चांगला खर्च तोच.

कागदाचंही तसंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं असे फेरफार मनाला येईल तसे करता येत नाहीत. इंजिन नंबर आरटीओच्या नोंदीत चढवावा लागतो. पट्ट्यातल्या कितीतरी गाड्या तशाच पळत होत्या. अपघात झाला की विम्यावाला आधी इंजिन नंबर ताडून बघणार, हे त्यांना ठाऊक असूनही. आपल्या हौद्यात मागं मजूर बसतात, एवढं तरी ध्यानात ठेवायला हवं होतं.

पुढं चासीलाच गंज चढला आणि गाडी भंगारात गेली. इंजिन तेवढं राहिलं. ते आता शेततळ्यावरच्या पंपाला जोडलंय. टर्बो काढून ठेवलाय, आणि एका जागी उभं राहून तापतं म्हणून रेडिएटरला मोठा पंखा बसवलाय.