हॅलेचं अर्धं उत्तर

भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा: मोसमी वारे का वाहतात? उत्तरही सगळ्यांना पाठ. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि ती जागा भरायला समुद्रावरची दमट हवा धावून येते. झालं, पैकीच्या पैकी गुण!

हे उत्तर आहे १६८६ सालचं. देणारा माणूसही ओळखीचा, एडमंड हॅले. हो, तोच धूमकेतूवाला. विशीत दक्षिणेकडचे तारे नोंदवायला तो सेंट हेलेना बेटावर राहून आला होता. भारतात कधी पाऊल ठेवलं नाही, पण खलाशांकडून माहिती गोळा करून त्याने वाऱ्यांचा नकाशा काढला. हवामानाच्या अगदी पहिल्या नकाशांत तो गणला जातो.

त्याचा तर्क सरळ होता. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून तेवढ्याच आकारमानाच्या थंड हवेपेक्षा हलकी होते. आपण सहज म्हणतो, गरम हवा वर जाते. खरं तर आजूबाजूची जड हवा खालून घुसून तिला वर ढकलते, पाण्यात दाबलेलं लाकूड वर येतं तसंच. म्हणजे आर्किमिडीजचाच नियम, फक्त घागरीऐवजी सबंध हिंदी महासागराला लावलेला! मला तरी हे धाडस फार आवडतं.

पण १९२१ साली जॉर्ज सिम्प्सन या शास्त्रज्ञाने या उत्तरातल्या तीन अडचणी दाखवल्या. गडी सिमल्याच्या हवामान कार्यालयात काम केलेला, म्हणजे इथला उन्हाळा सोसलेला. तो म्हणाला, भारत जुलैपेक्षा मे महिन्यात जास्त तापतो, मग ऐन पाऊस जुलैत कसा? सगळ्यात जास्त तापतो तो वायव्येचा वाळवंटी भाग, मग तोच कोरडा का? आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते, कमी नव्हे. ते कसं?

गोम अशी आहे की नुसती कोरडी गरम हवा फार उंच जाऊ शकत नाही. वाळवंटावर तर वरून कोरडी हवा खाली उतरत असते, ती झाकणासारखी बसते. दमट हवेचं तसं नाही. ती चढताना थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि दर ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेमुळे ती भोवतालच्या हवेपेक्षा हलकीच राहते आणि १२-१५ किलोमीटरपर्यंत चढते. थोडक्यात, ढगाचं इंधन समुद्रावरून आलेलं बाष्प आहे.

मग मान्सून म्हणजे काय? दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे हवा वर चढून ढगांचा एक पट्टा तयार होतो. सूर्याच्या मागोमाग तो उन्हाळ्यात उत्तरेला सरकतो आणि भारतावर येतो. पुण्यात जन्मलेल्या, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हीच मांडणी वर्षानुवर्षं आग्रहाने केली. जमिनीचं तापणं या खेळातून बाद होत नाही. पट्ट्याला उत्तरेकडे ओढण्यात त्याचा वाटा आहेच. पण पाऊस किती पडणार, हे त्यावरून ठरत नाही.

हे एवढं खोलात जाऊन कशाला सांगायचं? कारण 'यंदा एवढं तापलंय, म्हणजे पाऊस चांगला होणार' असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. हॅलेचंच उत्तर ते, धीर द्यायला वापरलेलं. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राची जमीन काय कमी तापली होती? पाऊस नव्हता, ढगांची सावली नव्हती, सुकून उष्णता घेऊन जाईल अशी मातीत ओल नव्हती, म्हणून ती तापतच राहिली. ती धग म्हणजे येणाऱ्या पावसाची चाहूल नव्हती. न आलेल्या पावसाचाच तो परिणाम होता.